ऐकायचं पान

दिगंबरचा फोन आला तेव्हा मयूरी कार्यालयात बाटलीत पाणी भरून घेत होती. दादा दुपारी कधी फोन करत नसे. दुपारी त्याची बोअरची गाडी कुणाच्या तरी रानात उभी असायची, आणि तिच्या आवाजात माणसाला स्वतःचं नावसुद्धा ऐकू यायचं नाही. आज मात्र तो बार्शीत घरीच होता, आणि खुशीत होता. म्हणाला, मयू, तुमच्या विद्यापीठाचं पान काल सगळ्यांनी मिळून वाचलं, फार चांगलं लिहिलंय. पोरगी दोन वर्षं दगडाधोंड्यांचा हट्ट धरून बसली होती, पान वाचलं आणि गप झाली. आता कॉम्प्युटरचं घेते म्हणते.

मयूरीने विचारलं, कुठल्या विषयाचं पान?

भूशास्त्राचंच की, दादा म्हणाला. तुझंच असणार ते.

बाटली भरून पाणी हातावर ओघळलं, तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही. भूशास्त्राचं पान वाचून ईश्वरीने भूशास्त्र सोडलं, ही गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरेना. या पोरीने वडिलांच्या बोअरमधून निघालेली भुकटी फूटवार कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवलेली. तांबडी कुठे लागली, राखाडी कुठे, काळी कुठे, ते तिला तोंडपाठ. बारावीचा निकाल लागला त्या दिवशीही तिने आत्याला गुण सांगायच्या आधी विचारलं होतं, दोन काळ्या थरांच्या मध्ये ती लाल माती येते कुठून?

मयूरी ठोंबरे बालाघाट विद्यापीठाच्या विषयपान कक्षात काम करायची. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाचं एक पान असतं. बारावी झालेली मुलं प्रवेशाआधी ते वाचतात आणि ठरवतात, इथे यायचं की नाही. पूर्वी ही पानं विभागप्रमुख लिहायचे. त्यात विभागाची स्थापना, विभागाची उज्ज्वल परंपरा आणि मान्यवरांचे फोटो असायचे. मुलं अर्ध्या मिनिटात निघून जायची. तीन वर्षांपूर्वी ओळखपान आलं, आणि मुलं थांबायला लागली.

ओळखपानाचं तंत्र ऐकायला अवघड, पण समजायला सोपं आहे. वाचताना माणसाचा डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार उड्या, आणि दोन उड्यांच्या मध्ये पाव सेकंदाचा थांबा. ज्या शब्दाशी मन अडकतं तिथे थांबा लांबतो, आणि बुबुळाच्या मधली बाहुली केसभर रुंदावते. फोनचा पुढचा कॅमेरा परवानगी घेऊन हे सगळं टिपतो. त्यावरून यंत्र अंदाज बांधतं की या माणसाला काय हवंय, आणि खालचा परिच्छेद त्याच क्षणी नव्याने रचून दाखवतं. वसतिगृहावर नजर थांबली तर पुढे वसतिगृह, नोकरीवर थांबली तर पुढे नोकरी. एकच विषय, पण हजार मुलांना हजार पानं. खोटं त्यात काही लिहायचं नाही, हा नियम होता. निवडायचं काय आणि गाळायचं काय, एवढंच यंत्राच्या हातात. वाचणाऱ्याला पानावर थांबवून ठेव, एवढंच त्याला शिकवलेलं.

दादाची परवानगी घेऊन मयूरीने त्याच्या घरच्या भेटीची नोंद उघडली. वर ते पान होतं, ठोंबऱ्यांच्या घरी दिसलं तसं. वातानुकूलित प्रयोगशाळा. संगणकावरचे नकाशे. खाणकंपन्यांच्या शहरातल्या कचेऱ्या. घरून ये-जा करण्याची सोय. मुलींसाठी सुरक्षित बैठं काम. डोंगराचं नाव नाही, हातोडीचं नाव नाही, तिसऱ्या सहामाहीतल्या एकवीस दिवसांच्या छावणीचं नाव नाही.

खाली यंत्राची टिपणी होती.

मुख्य वाचक: पुरुष, वय अंदाजे पन्नास. नजर स्थिर. बाजूची हालचाल: एक, तरुण स्त्री. दुर्लक्षित.

मयूरी त्या शेवटच्या शब्दाशी किती वेळ थांबली, ते मोजायला तिच्यासमोर कॅमेरा नव्हता.

चूक कुठे झाली हे तिला शोधावं लागलं नाही, कारण चूक तिचीच होती. ओळखपानाच्या चाचण्या झाल्या तेव्हा मुलांना बोलावण्याचं काम तिच्याकडे होतं. एक खोली, एक खुर्ची, एक पडदा, एक मूल. आणि दारावर तिने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, पालकांनी कृपया बाहेर थांबावे. पालक व्हरांड्यात डबे उघडून बसले होते आणि आत यंत्र शिकत होतं, की वाचणारा एकटा असतो. पण इकडच्या घरांत कोण एकटं वाचतं? पान मुलीचं असलं तरी फोन वडिलांच्या हातात असतो. काका खांद्यावरून वाकतो, आई हातातलं काम न सोडता लांबून कान देते, आणि मुलगी मधल्या फटीतून दिसेल तेवढं बघते. चार माणसं आणि एक पडदा. यंत्राने चौघांतले सगळ्यांत ठाम डोळे निवडले आणि पान त्यांच्या हवाली केलं.

संध्याकाळी तिने ईश्वरीला फोन केला. पोरगी नीट बोलेना. मग हळूहळू बोलली. तिचं म्हणणं असं, की तिला वाटलं होतं तिथे दगड असतील.

"तिथं तर सगळं खुर्चीतच आहे, आत्या. खुर्चीतच बसायचं तर मग कॉम्प्युटर काय वाईट? निदान पप्पा तरी खूश."

पसंतीचा अर्ज सोमवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. तो दिवस गुरुवार.

*

शुक्रवारी सकाळी मयूरी प्रवेश विभागाचे संचालक डॉ. नाईकनवरे यांच्याकडे गेली. सरांनी नोंद पूर्ण वाचली. ते मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्यामागे कुलगुरू होते आणि कुलगुरूंच्या मागे मंडळ. ते म्हणाले, दोष दिसतोय, पुढच्या वर्षी दुरुस्त करू. आत्ता ऐन प्रवेशात यंत्राला हात लावायचा नाही. अर्ज तिपटीने वाढलेत. मयूरीने सांगितलं की अर्ज वाढले तसे सोडून जाणारेही वाढले, गेल्या वर्षी भूशास्त्राला साठ जण आले आणि दिवाळीपर्यंत एकतीस उरले. सर म्हणाले, मुलं पूर्वीही सोडून जायची. तिने विचारलं, निम्मी? सरांनी चष्मा काढून पुसला आणि दुसरी फाइल ओढली.

ती उठली. दारापर्यंत आली तोवर तिचं ठरलं होतं.

यंत्राला हात लावायचा नव्हता, पण एक प्रत अशी होती जिला यंत्र हात लावू शकत नव्हतं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक विषयाची श्राव्य प्रत ठेवायची, हा विद्यापीठाचा जुना नियम. ती सगळ्यांसाठी एकच असावी, आणि कक्षातल्या माणसाने आपल्या आवाजात वाचून नोंदवावी. पानाच्या तळाशी ‘ऐका’ असं बटण असायचं. बघणारे डोळेच नाहीत म्हटल्यावर यंत्राला तिथे काम नव्हतं. आणि काम नाही म्हणून गेली तीन वर्षं कुणी तिकडे वळलंच नव्हतं. विभागाची जुनी उज्ज्वल परंपराच तिथे अजून एका थकलेल्या आवाजात वाजत होती. एकशे अकरा जणांनी ती ऐकल्याची नोंद होती. त्या एकशे अकरांसमोर मयूरीला लाज वाटली.

प्रत नव्याने लिहायची तर आधी मुलांना काय हवं असतं ते कळायला हवं. इतकी वर्षं यंत्र डोळ्यांवरून अंदाज बांधत होतं. तोंडाने कुणी विचारलंच नव्हतं. ती वही घेऊन भूशास्त्र विभागात गेली. उन्हाळी सत्रासाठी थांबलेली सतरा मुलं अंगणातल्या कडुनिंबाखाली दगडांचे नमुने धूत बसली होती. तिने त्यांच्यातच बसकण मारली आणि विचारलं, यायच्या आधी तुम्हाला काय माहीत हवं होतं?

आधी मुलं शहाण्यासारखी बोलली. अभ्यासक्रम, संधी, सुविधा. मग मारुती नावाचा एक जण म्हणाला, मॅडम, खरं सांगू का, मला एवढंच हवं होतं की मंगळवारी सकाळी दहाला मी कुठे असेन. वर्गात, का डोंगरावर, का रांगेत. सगळी हसली, आणि हसल्यावर बांध फुटला. गणित किती असतं, आणि नाही जमलं तर कुणी शिकवतं का. इंग्रजीत विचारलं आणि मराठीत उत्तर दिलं तर चालतं का. सर लोक बोलतात की नुसतेच येऊन जातात. पाय किती दुखतात. शबनम तांबोळी नावाची मुलगी म्हणाली, छावणीत पाळी आली तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या छावणीत मी ताप आलाय म्हणून तंबूत पडून राहिले, तेव्हा बाई येऊन म्हणाल्या, अगं, त्यासाठी वेगळा तंबू आहे, पाणी आहे, सगळं आहे. आधी सांगायला काय जात होतं?

आणि सोडून जातात ती का जातात, हेही सांगा, असं मारुती म्हणाला. आम्हाला वाटायचं, जाणारे कच्चे होते. तसं नव्हतं.

मयूरीने सगळं उतरवून घेतलं. बावीस पानं भरली.

शनिवारी ती लिहायला बसली आणि पहिल्याच वाक्याला अडली. डोळ्यांसाठी लिहिण्याची तिला सवय. डोळा मागे जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. कानाला एका श्वासात मावेल एवढंच वाक्य लागतं, आणि पुढच्या वाक्याने मागच्याचा हात धरलेला लागतो. तिने लिहिलेलं मोठ्याने म्हणून पाहिलं. जिथे जीभ अडखळली तिथे खोडलं, जिथे श्वास संपला तिथे तोडलं. दुपारपर्यंत वाक्यं चालायला लागली, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईसारखी, घाई नाही आणि हिंदकळणं नाही. मग विभागप्रमुखांना पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी दोन आकडे दुरुस्त केले आणि सही केली. साडेतीनला तिने आपल्या आवाजात प्रत नोंदवली, शेवटी स्वतःचं नाव सांगितलं, आणि जुन्या प्रतीच्या जागी ती चढवली. यंत्राने रचलेल्या पानांवर कुणाचंच नाव नसायचं.

*

रविवारी ती बार्शीला गेली. सारिकावहिनी दारातल्या खोलीत साड्यांना फॉल लावत बसली होती. मांडीवर जांभळी साडी, दातांत दोरा. दिगंबर नुकताच न्हाऊन आला होता. केस ओले, आणि कानांच्या पाळ्यांमागे तरीही दगडाची करडी रेघ. ईश्वरी पाणी घेऊन आली आणि भिंतीला टेकून बसली.

चहा झाल्यावर मयूरीने सगळं सांगितलं. पान कुणाचे डोळे वाचत होतं ते सांगितलं, आणि नोंदीतला तो शेवटचा शब्दही सांगितला. दिगंबरचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी माझ्या पोरीच्या आड आलो म्हणतेस?"

"नाही दादा. तू बापासारखा बघत होतास. जो नीट बघतो त्याचंच ऐकायचं, असं यंत्राला आम्ही शिकवलं. चूक माझी आहे."

तो जे बोलला ते मयूरीकडे बघून नाही, जमिनीकडे बघून. बावीस वर्षं तो धूळ गिळत होता. डॉक्टरांनी फोटो काढून छातीतले पांढरे ठिपके दाखवले होते, ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीने दगडात जाऊ नये एवढंच त्याला वाटत होतं. खुर्ची दिसली की त्याला बरं वाटत होतं. यंत्राने ते बरोबर ओळखलं होतं, त्यात त्याची काही तक्रार नव्हती.

वहिनीचा सुईचा हात थांबला. पांढऱ्या ठिपक्यांचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली की या विषयावर नंतर वेगळं बोलणं होणार, हे सगळ्यांना कळलं.

"लाव तुझं," ती मयूरीला म्हणाली, आणि पुन्हा टाका घातला.

मयूरीने फोन पालथा ठेवला, पडदा खाली, आणि आवाज मोठा केला.

प्रत सुरू झाली. भूशास्त्र म्हणजे पायाखालचं वाचणं. आपल्याकडे आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा मऊ खडक, मग काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हा वाहिला, निवला, थांबला, पुन्हा वाहिला. दोन वाहण्यांच्या मध्ये हजारो वर्षं गेली, आणि त्या वर्षांत वरच्या खडकाची जी माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजून लाल झाली.

ईश्वरीने पाठ भिंतीपासून सोडवली.

मंगळवारी सकाळी दहाला तुम्ही प्रयोगशाळेत उभे असाल. बसायला स्टूल आहे, पण सूक्ष्मदर्शक उंच आहे, त्यामुळे सगळे उभेच असतात. गुरुवारी गणित आहे, आणि ते अवघड आहे. न जमणाऱ्यांसाठी शनिवारी तास होतो, त्याला निम्मा वर्ग येतो, कुणी लाजत नाही. तिसऱ्या सहामाहीत एकवीस दिवस डोंगरात छावणी असते. पाय दुखतात. मुलींसाठी वेगळा तंबू आहे, पाळीच्या दिवसांत मागे थांबता येतं, आणि कारण विचारलं जात नाही. दगड फोडताना धूळ उडते, ती छातीत बसते, आणि एकदा बसली की निघत नाही. म्हणून दगड ओला करून फोडायचा आणि मास्क लावूनच फोडायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि न पाळणाऱ्याला छावणीतून परत पाठवतात.

दिगंबरने मान वर केली. दगड ओला करायचा, हे त्याला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या सहामाहीच्या शेवटी एक परीक्षा असते. बोअरमधून निघालेली भुकटी तळहातावर घेऊन सांगायचं, ही कुठल्या थरातली, आणि खाली पाणी आहे की नाही.

"हे तर मला येतं," दिगंबर म्हणाला.

"मला येत नाही ना, पप्पा."

ईश्वरीने हे मोठ्याने म्हटलं नव्हतं. तरी फोनमधला आत्याचा आवाज पुढे बोलत असतानाही खोलीत तेवढंच ऐकू आलं.

प्रत शेवटाकडे आली. गेल्या वर्षी एकोणतीस जण सोडून गेले. सोळा जणांना गणित झेपलं नाही. सात जणांना वाटलं होतं की हे कचेरीतलं काम आहे. चार जणांनी घरच्या अडचणीमुळे सोडलं, दोन मुलींची लग्नं झाली. हे सगळं ऐकून तुम्हाला यायचं असेल तर या. ही प्रत मयूरी ठोंबरे यांनी लिहिली आणि वाचली.

तेवढ्यात पालथा ठेवलेला फोन थरथरायला लागला. नाईकनवरे सर होते. मयूरी ओट्याजवळ जाऊन बोलली, पण घर लहान, सगळ्यांना ऐकू गेलं. कडुनिंबाखालच्या मुलांनी नवी प्रत गावोगावच्या मुलांना कळवली होती, आणि कालपासून तीनशे घरांनी ‘ऐका’ दाबलं होतं. भूशास्त्राच्या पहिल्या पसंतीतले तेवीस जण कमी झाले होते. सर रागावलेले कमी आणि घाबरलेले जास्त वाटत होते. ते म्हणाले, प्रत ताबडतोब काढा.

मयूरी म्हणाली, ते तेवीस दिवाळीत जाणारच होते, सर. वर्ष घालवून गेले असते.

सर म्हणाले, ते मला शिकवू नका, काढा.

"लेखी द्या, सर. श्राव्य प्रत काढायची तर नियमाप्रमाणे कारण लिहावं लागतं. तुम्ही कारण लिहा, मी काढते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. ती परत येऊन बसली आणि तिने वहिनीच्या मांडीवरच्या साडीचं एक टोक धरायला घेतलं.

"नोकरी जाईल का गं?" वहिनीने विचारलं.

"जाईलही. पत्र आलं तर बघू. मी सोमवारी वनस्पतिशास्त्राची प्रत लिहायला घेणार आहे."

वहिनीने दोरा तोडला. जांभळी साडी घडी करून बाजूला ठेवली आणि मुलीकडे वळली. त्या दिवशी ते पान वाचलं तेव्हाही ती इथेच बसलेली होती, पण एकदाही पडद्याकडे न बघता. यंत्राच्या नोंदीत ती बाजूची हालचालसुद्धा नव्हती. आता तिने विचारलं, सोळा जणांना गणित झेपलं नाही म्हणे, तुला झेपेल का?

ईश्वरीने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"माहीत नाही. बारावीलाही जडच गेलंय. शनिवारच्या तासाला बसेन. नाही जमलं तर पुन्हा बसेन. पण मला तेच शिकायचंय, आई. कुणाच्या नादाने नाही. पाय दुखतात ते ऐकूनसुद्धा."

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. दिगंबरने ओल्या केसांतून हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, की मास्क मी आणून देईन, त्यांचा कसला असतो कुणास ठाऊक.

ईश्वरीने वडिलांचा फोन आपल्या हातात घेऊन अर्ज उघडला. भूशास्त्र शोधून ती पहिल्या पसंतीच्या चौकटीशी आली, आणि पडद्यावर रंग हलले. अर्जाच्या पानालाही डोळे होते. वडील तिच्या डाव्या खांद्याशी, आई उजव्या, आत्या समोरून वाकलेली. पानाने विचारलं, आपली खात्री आहे का? आणि खाली एक खुर्ची आली, काचेची खिडकी आली, तुम्हाला हेही आवडेल असं म्हणत संगणकाचा विषय आला.

ईश्वरी थांबली. मग सरळ बसली.

"सगळ्यांनी जरा तिकडं बघा."

सारिकावहिनी लगेच भिंतीकडे तोंड करून बसली. मयूरी वळली. दिगंबर तसाच उभा राहिला, नजर त्या खुर्चीवर. ईश्वरीने फोन छातीशी धरला आणि त्याच्याकडे बघत वाट पाहिली. तिने घाई केली नाही, विनवणीही केली नाही.

मग तो वळला. दाराकडे तोंड करून, हात पाठीशी बांधून उभा राहिला.

तिघांनी तीन दिशांना बघत कान मागे लावलेले.

"झालं," ईश्वरी म्हणाली. "आता बघा."